जॅग्ड अलायन्स २, मॉड १.१३ : मिलिशिया आणि मुलूख सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, नांदेड, लातूर, बीडकडची जी मुलंमुली हा खेळ नव्यानं हाती घेतात, त्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात : गाव जिंकलं, आता राखायचं कसं? कुठली बंदूक चांगली, कुठला मर्क (भाडोत्री सैनिक) स्वस्तात मिळतो, हे सांगणारे पुष्कळ आहेत. पण मुलूख राखणं हाच या खेळाचा गाभा आहे आणि तोच भाग घाईत सुटतो. खाली जिथे आकडे दिलेत ते मूळ खेळाच्या हिशोबानं आहेत. मॉडच्या (म्हणजे खेळाडूंनी मूळ खेळात केलेल्या बदलांच्या) आवृत्तीप्रमाणे आणि तुमच्या सेटिंगप्रमाणे ते कमीजास्त होतात, हिशोबाची रीत मात्र तीच राहते.

हा खेळ नेमका कसला? आणि मिलिशिया म्हणजे कोण?

जॅग्ड अलायन्स २ हा सर-टेक कॅनडा या कंपनीचा १९९९ सालचा खेळ. अरुल्को नावाच्या एका काल्पनिक देशावर राणी देइद्राना हिची जुलमी सत्ता आहे. देशाबाहेर पडलेला एन्रिको चिवाल्डोरी तुम्हाला पैसे देतो. त्या पैशातून तुम्ही भाडोत्री सैनिक, म्हणजे मर्क, घेऊन उतरायचं आणि एकेक गाव सोडवत राजधानी मेदूनापर्यंत जायचं. लढाई पाळीपाळीनं चालते. आधी तुमची चाल, मग त्यांची.

नकाशा १६ बाय १६ चौकोनांचा आहे. आडव्या ओळींना ए ते पी अशी अक्षरं, उभ्यांना १ ते १६ आकडे. एका चौकोनाला सेक्टर म्हणतात. मर्क असतात मोजके, फार तर दोन-तीन तुकड्या. तेवढ्या माणसांनी देशभराचे सेक्टर धरून ठेवता येत नाहीत. म्हणून सोडवलेल्या गावातल्याच लोकांना हत्यार चालवायला शिकवायचं. ती मिलिशिया. मर्क पुढच्या गावाला निघून गेले की मागे गाव तीच राखते.

मूळ खेळ पुरे आहे की मॉड घालावाच?

एकदा मूळ खेळ खेळून बघा, पण मुक्काम १.१३ वरच करा. २००४ साली वाइल्डफायर या विस्ताराबरोबर खेळाचा सोर्स कोड लोकांच्या हाती आला आणि जगभरच्या खेळाडूंनी मिळून त्यावर काम सुरू केलं. कंपनीचा शेवटचा पॅच १.१२ होता, म्हणून यांनी आपल्या कामाला १.१३ नाव दिलं. मॉड फुकट आहे, मूळ खेळ मात्र विकत घ्यावा लागतो. स्टीम आणि गॉग या ऑनलाइन दुकानांत तो मिळतो, आणि सवलत लागली की फार महाग पडत नाही.

घालताना एक काळजी घ्या. खेळ प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात ठेवू नका. तिथे विंडोज फायली लिहू देत नाही, मग सेव्ह बिघडतात आणि दोष मॉडवर जातो. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, आधी मूळ खेळ, मग त्यावर मॉड.

मर्कला 'ट्रेन मिलिशिया' हे काम देता येत नाही. बटणच धूसर दिसतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चार कारणांपैकी एक असतं.

पहिलं, गावाची लॉयल्टी, म्हणजे लोकांचा तुमच्यावरचा भरवसा, कमी आहे. मूळ खेळात ती किमान २० टक्के लागते. दुसरं, सेक्टरमध्ये शत्रू अजून लपलेला आहे. एखादा घायाळ शिपाई कुठल्या तरी खोलीत पडून असतो आणि सगळं अडतं. तिसरं, त्या सेक्टरमध्ये आधीच दोन जण शिकवतायत. मूळ खेळात एका सेक्टरला दोनच ट्रेनर चालतात.

चौथं कारण नवख्यांना कोड्यात टाकतं : ते गावच मिलिशियाचं नाही. मूळ खेळात मिलिशिया फक्त ड्रासेन, आल्मा, ग्रम, कँब्रिया, बालीम, मेदूना आणि चिट्झेना या सात ठिकाणी उभी राहते, शिवाय सॅम साइटवर, म्हणजे विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या तळावर. ओमेर्टा, एस्टोनी, सॅन मोना, टिक्सा आणि ओर्टा इथे नाही. ओमेर्टात बंडखोर भेटतात, त्यामुळे पहिली मिलिशिया तिथेच करायची असं वाटणं साहजिक आहे. पण ते गाव आधीच उद्ध्वस्त झालेलं आहे. तिथे दिवस घालवू नका. तिथल्या फातिमाला एन्रिकोचं पत्र द्या, तिच्या मागोमाग जाऊन बंडखोरांचा म्होरक्या मिगेल याला भेटा, त्याच्याकडच्या आयराला सोबत घ्या आणि ड्रासेनची वाट धरा.

लॉयल्टी वाढवायची कशी? लढाया जिंकतोय तरी वीसच्या वर जाईना.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

लॉयल्टी म्हणजे गावातल्या लोकांचा तुमच्यावरचा भरवसा. लढाई जिंकली, सेक्टर घेतला, खाण किंवा सॅम साइट घेतली की तो वाढतो. पण नुसत्या लढाईनं मिळणारी वाढ हळू असते. गावात जाऊन लोकांचं काम केलं की तो झपाट्यानं वाढतो, आणि खेळाडू नेमकं तेच टाळतात.

ड्रासेनचंच बघा. सी१३ मध्ये चर्च आहे, तिथे फादर वॉकर असतात. त्यांच्याशी बोला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते लोकांपाशी तुमच्याबद्दल चांगलं बोलले की गाव तुमच्याकडे वळतं. त्याच सेक्टरमध्ये डोरीन नावाची बाई लहान मुलांना राबवून घेणारा कारखाना चालवते. तो बंद पाडा. मुलं सुटली की लॉयल्टीचा आकडा एकदम वर सरकतो. या दोन्ही कामांत लढाई नाही. चालत जायचं, बोलायचं, ठाम राहायचं. मी तर ड्रासेन घेतलं की बंदुका भरायच्या आधी सी१३ मध्ये मर्क पाठवतो.

आता लॉयल्टी कशानं घटते ते. सामान्य माणूस मेला की घटते, मग तो तुमच्या ग्रेनेडच्या तुकड्यानं का मेलेला असेना. गाव हातचं गेलं की घटते. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते : मिलिशिया लढत असताना तुमचे मर्क तिला सोडून सेक्टरबाहेर पळाले, तर खेळ त्याची वेगळी नोंद घेतो आणि लोकांचा भरवसा उतरतो. बातमी शेजारच्या गावांतही पोहोचते. जवळच्या गावावर परिणाम जास्त होतो, लांबच्यावर कमी.

खेळ करणाऱ्यांनी हे इतक्या बारकाईनं मांडलंय त्याचं मला फार अप्रूप आहे. आपल्या मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याच्या रझाकारांकडे हत्यारं होती, निजामाचं राज्य पाठीशी होतं, आणि तरी गावोगावचे लोक त्यांच्या विरोधात गेले. सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून लढणाऱ्यांकडे तेवढी हत्यारं नव्हती, पण त्यांना भाकरी आणि निरोप पोहोचवणारी घरं होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं ते भारतीय सैन्याच्या कारवाईमुळे, पण त्याआधीची तेरा-चौदा महिन्यांची झुंज गावांनी दिली. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या आईवडलांनी काय सांगितलं होतं ते विचारा. ज्या हत्यारबंद टोळीला गाव भितं आणि ज्या टोळीत गावच असतं, त्या दोहोंतला फरक त्यांना नीट ठाऊक असतो. हा खेळ लॉयल्टीच्या आकड्यातून तोच फरक मोजतो.

ट्रेनर कुणाला करावं? माझा सगळ्यांत भारी नेमबाज शिकवायला लावलाय, तरी काम हळू चाललंय.

नेमबाजाचा शिकवण्याशी संबंध नाही. लीडरशिप बघा. तिच्या जोडीला शहाणपण आणि अनुभवाची पातळी. टीचिंग हा गुण असेल तर उत्तमच. आयराकडे तो आहे आणि ती पगारही मागत नाही, म्हणून तिला ओमेर्टातून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक बाब मूळ खेळाच्या कोडमध्ये आहे. अरुल्कोतच भरती झालेल्या सोबत्यांना मिलिशिया शिकवताना थोडा जास्तीचा गुण मिळतो, कारण त्यांना तिथले लोक, तिथल्या रीती ठाऊक असतात. बाहेरून पैसे देऊन आणलेल्या मर्कला तो मिळत नाही. तेव्हा महागडा मर्क आघाडीवर पाठवा आणि शिकवायला स्थानिक माणूस ठेवा. यात पैसाही वाचतो, कारण मर्कचा पगार रोज चालू असतो, मग तो लढो की शिकवो.

दमलेला ट्रेनर कमी शिकवतो. त्याला झोपू द्या. रात्री तो आपोआप झोपला तर उठवून पुन्हा कामाला लावायची घाई नको.

एका गावाला खर्च किती येतो?

ड्रासेन धरून हिशोब करू. मूळ खेळात ट्रेनिंगच्या एका खेपेला ७५० डॉलर लागतात आणि दहा माणसं तयार होतात. एका सेक्टरमध्ये जास्तीत जास्त २० माणसं राहतात. ड्रासेनचे सेक्टर तीन : बी१३ विमानतळ, सी१३ गावठाण, डी१३ खाण. म्हणजे ६० माणसं, सहा खेपा, ४,५०० डॉलर. ही झाली कच्ची, हिरवी मिलिशिया. तिला एक पायरी वर न्यायला पुन्हा तेवढ्याच खेपा, म्हणजे सगळे मिळून ९,००० डॉलर.

आकडा मोठा वाटतो. पण ड्रासेनची खाण नीट चालली तर तो भरून निघतो, आणि मिलिशिया नसेल तर खाणच हातात राहत नाही.

१.१३ मध्ये मिलिशियाचा रोजचा खर्च लावायचंही सेटिंग आहे. ते चालू असेल तर गावं वाढतात तसा खर्च वाढतो आणि खजिना बघून पावलं टाकावी लागतात. पहिल्या खेळात ते बंद ठेवलं तरी चालेल.

नकाशावर हिरवे, फिकट निळे, गडद निळे असे रंग दिसतात. नेमका फरक काय?

हिरवे म्हणजे नवशिके. फिकट निळे म्हणजे बऱ्यापैकी तयार झालेले. गडद निळे म्हणजे कसलेले. हिरव्यांना पुन्हा ट्रेनिंग दिलं की ते फिकट निळे होतात. मूळ खेळात गडद निळा रंग शिकवून येत नाही, लढाईत टिकून, शत्रू मारूनच येतो. १.१३ मध्ये कसलेली मिलिशिया शिकवून तयार करायची सोय सेटिंगमध्ये चालू करता येते. ती बंद ठेवावी असं माझं मत आहे. लढून वर आलेल्या माणसाची किंमत कळते.

शत्रूकडेही तीन दर्जे आहेत : पिवळे कच्चे, लाल नेहमीचे शिपाई, काळे निवडक. हिरव्यांची पिवळ्यांशी बरोबरी होते. काळ्यांसमोर वीस हिरवे उभे केले तर कुणीच परत येत नाही.

आणि हो, शिकवणं चालू असताना आधी संख्या भरते, मग दर्जा वाढतो. ज्या सेक्टरमध्ये शिकवताय तो भरला की नवी माणसं त्याच गावातल्या दुसऱ्या सेक्टरमध्ये जातात. सगळं गाव भरलं की मगच हिरव्यांची बढती सुरू होते. त्यामुळे 'माझे हिरवे निळे का होत नाहीत' याचं उत्तर बहुधा शेजारच्या सेक्टरमधल्या रिकाम्या जागेत असतं.

दादा, माणसं कमी आहेत. तीन सेक्टरमध्ये सारखी वाटू का?

नका वाटू. ज्वारी हुरड्यात आली की आपल्याकडे रात्री जागलीला जातात. जागलीचा माणूस रानाच्या मधोमध बसत नाही. डुकरं ज्या ओढ्यातून वर येतात त्या बांधाला त्याचं मचाण असतं. मिलिशिया तशीच लावायची.

ड्रासेनमध्ये खाणीचा डी१३ दक्षिणेच्या टोकाला आहे. आल्माच्या वाटेनं वर येणारी तुकडी आधी तिथे भिडते. म्हणून पहिले वीस तिथे. विमानतळ बी१३ उत्तरेला, तिथे बॉबी रे या हत्यारांच्या दुकानदाराकडून मागवलेला माल उतरतो, म्हणून तो दुसरा. मधला सी१३ शेवटी भरला तरी चालेल. हा क्रम ड्रासेनचा झाला. प्रत्येक गावाच्या वेळी रस्ते कुठून येतात ते आधी नकाशावर बोट ठेवून बघा.

माणसं हलवायला गावाच्या चौकटीतल्या रंगीत खुणा उचलून दुसऱ्या सेक्टरमध्ये टाकायच्या आणि 'डन' दाबायचं. शेजारी 'ऑटो' बटण आहे, ते सगळ्यांना सारखं वाटून टाकतं. अडचणीच्या वेळी ते दाबू नका.

१.१३ मध्ये शेजारच्या सेक्टरमधून कुमक येण्याचंही सेटिंग आहे. ते चालू असेल तर मधल्या सेक्टरला महत्त्व येतं, कारण तिथून दोन्हीकडे मदत जाऊ शकते. मात्र तीच सोय शत्रूलाही मिळते.

ड्रासेन घेतलं की लगेच प्रचंड फौज येते. मिलिशिया तयार व्हायच्या आतच सगळं संपतं. हे असंच असतं का?

हो. १.१३ मध्ये ड्रासेनवर राणीचा मोठा उलटा हल्ला हे वेगळं सेटिंग आहे. मूळ खेळ करणाऱ्यांनी ते योजलं होतं पण वापरलं नव्हतं, मॉडवाल्यांनी ते जागं केलं. पहिल्यांदा खेळत असाल तर आयएनआय एडिटर (मॉडसोबत येणारा, सेटिंग बदलायचा प्रोग्राम) उघडून ते बंद करा, यात कमीपणा काही नाही.

चालू ठेवायचंच असेल तर तयारी गाव घ्यायच्या आधी करा. औषधपाणी, काडतुसं, ग्रेनेड साठवा. लढाई गच्चीवरून द्या. विमानतळाच्या किंवा गावठाणातल्या इमारतींच्या छपरावर नेमबाज झोपवून ठेवले की खालून येणाऱ्याला ते लवकर दिसत नाहीत. रात्र असेल तर फार चांगलं, नाइट ऑपरेशनचा गुण असलेला मर्क त्या वेळी दोन माणसांचं काम करतो. आणि या हल्ल्यात हिरव्या मिलिशियाच्या भरवशावर राहू नका. तिला मागच्या इमारतींत थांबवा. ती वाचली तर उद्या गाव वाचेल.

सॅम साइटवर मिलिशिया ठेवणं गरजेचं आहे का?

आहे. सॅम साइट चार : डी२ चिट्झेनाजवळ, डी१५ ड्रासेनजवळ, आय८ कँब्रियाजवळ आणि एन४ मेदूनाजवळ. ज्याच्या हातात साइट, त्या भागातलं आकाश त्याचं. स्कायरायडर या पायलटचं हेलिकॉप्टर वापरायचं तर डी१५ आधी घ्या. शत्रू या साइट परत घ्यायला येतो, आणि त्या गावापासून लांब असल्यानं तुम्हाला उशिरा कळतं. दहा तरी निळे ठेवा.

फिरती मिलिशिया म्हणजे काय? ती ठेवावी का?

गावाबाहेर पडून आजूबाजूच्या सेक्टरमध्ये गस्त घालणारी तुकडी. मूळ खेळात ती नाही, १.१३ नं आणली. जुन्या आवृत्त्यांत ती स्वतःच्या मनानं फिरते. नव्या आवृत्त्यांत तुम्ही नकाशावरून तिला कुठे जायचं ते सांगू शकता.

फायदा मोठा आहे. शत्रूची तुकडी गावापर्यंत पोहोचायच्या आधीच वाटेत अडते आणि गावातली माणसं, घरं वाचतात. तोटा असा की हिरव्यांची लहान तुकडी रस्त्यावर एकटी सापडली तर संपते. माझा नियम सरळ आहे : गाव पूर्ण भरलं, निम्मे तरी निळे झाले, की मग गस्त. त्याआधी नाही.

नव्या आवृत्तीत स्वयंसेवकांचा साठाही ठेवता येतो. म्हणजे पैसे असले तरी माणसं अमर्याद मिळत नाहीत. ताब्यातल्या वस्त्यांमधून जेवढे लोक पुढे येतात तेवढीच भरती. पकडलेल्या शत्रूच्या शिपायांपैकी काही जण तुमच्या बाजूला येऊ शकतात. हे सेटिंग मला फार आवडतं. माणसाला किंमत आली की तुम्ही लढाया जपून देता.

मिलिशियाला हत्यारं कोण देतं?

साध्या सेटिंगमध्ये खेळच देतो, दर्जाप्रमाणे आणि खेळ किती पुढे गेलाय त्याप्रमाणे. पण १.१३ मध्ये असं ठरवता येतं की मिलिशिया त्या सेक्टरमध्ये पडलेलं सामानच वापरेल. हे चालू केलं की कारभाराला खरा रंग चढतो. लढाई संपल्यावर पडलेल्या बंदुका, बुलेटप्रूफ जाकिटं, हेल्मेट सगळं गावात जमा करायचं. काडतूस बंदुकीला जुळतंय का ते बघायचं. ड्रासेनमध्ये दहा रायफली आहेत पण त्यांची काडतुसं तुम्ही कँब्रियाला नेलीत, तर हल्ल्याच्या रात्री ड्रासेनची माणसं पिस्तुलं घेऊन उभी राहतील.

तुमची राखीव हत्यारं मिलिशियानं उचलू नयेत म्हणून वस्तूवर तशी खूण करायची सोय आहे. तरी मौल्यवान माल मिलिशिया नसलेल्या सेक्टरमध्ये ठेवलेला बरा.

लढाईत मिलिशिया सैरावैरा पुढे धावते आणि मरते. आवरायचं कसं?

१.१३ मध्ये मिलिशियाला हुकूम देता येतात. माणसाशी बोलायला गेलात की यादी उघडते : हल्ला करा, जागेवर थांबा, मागे फिरा, माझ्याकडे या, खाली झोपा, आडोसा घ्या. एकट्याला सांगता येतं आणि सगळ्यांनाही. यादी दिसत नसेल तर सेटिंगमध्ये ते बंद असेल.

लढाईच्या पहिल्या पाळीतच 'जागेवर थांबा' सांगा. शत्रूला तुमच्याकडे चालत येऊ द्या, कारण उघड्यावर चालणाऱ्याला मारणं सोपं असतं. मर्क बाजूनं वळसा घालू लागले, शत्रूचं लक्ष तिकडे गेलं, की मग मिलिशियाला सोडा. हा एक बदल केला तरी निम्मे जीव वाचतात.

मिलिशिया जिथे दाटीनं उभी आहे तिथे मॉर्टर आणि गॅस वापरू नका. ती धुराकडे, गॅसकडे बघून थांबत नाही, सरळ आत जाते. आणि आपल्याच मिलिशियावर मुद्दाम गोळी झाडलीत तर ती तुमच्यावर उलटते, मग त्या गावात तुमचं काही खरं नाही.

ऑटो-रिझॉल्व्ह वापरावं की स्वतः लढावं?

सेक्टरमध्ये तुमचा एकही मर्क नसेल तर निवड तुमच्या हातात नसते. मिलिशियाची लढाई ऑटो-रिझॉल्व्हमध्येच होते, म्हणजे खेळ स्वतःच हिशोब करून निकाल लावतो, आणि तिथे संख्या व दर्जा यांचं वजन पडतं. मर्क असेल तर शक्यतो स्वतः लढा. एखाद-दुसऱ्या मर्कला दर मोठ्या गावात ठेवण्याचं हेही एक कारण आहे. तो डॉक्टर असला तर दोन कामं होतात.

खाण माझ्या ताब्यात आहे तरी पैसे येईनात, किंवा फार कमी येतात.

आधी खाणीच्या मुकादमाशी बोललात का? प्रत्येक खाणीचा एक प्रमुख असतो. त्याला भेटून खाण तुमच्यासाठी चालवायला सांगितल्याशिवाय एक डॉलरही येत नाही.

बोलूनही कमी येत असेल तर दोन गोष्टी तपासा. कामगार किती येणार हे लॉयल्टीवर ठरतं, आणि गावाचे किती सेक्टर तुमच्याकडे आहेत त्यावरही ठरतं. कँब्रियाचं उदाहरण घ्या. एच८ मधली खाण घेतली आणि वरचे एफ८, एफ९, जी८, जी९ शत्रूकडेच ठेवले, तर खाणीत जाणारा माणूस राहतो शत्रूच्या ताब्यातल्या गल्लीत. तो कसा येणार? पूर्ण गाव घ्या. एफ८ मध्ये दवाखानाही आहे, जखमी मर्कसाठी तो लागतोच.

एखादी खाण खेळाच्या ओघात आटतेही. मुकादम आधी सांगतो, त्याचं ऐका. सायफाय मोडमध्ये खेळत असाल तर एका खाणीत वेगळंच संकट निघतं, ते मी इथे सांगत नाही. सॅन मोनाची खाण आधीपासूनच बंद आहे, तिच्यासाठी लढू नका.

पुढचं गाव कधी घ्यावं?

मागचं गाव तुमच्याशिवाय एक हल्ला झेलेल असं वाटलं की. ड्रासेननंतर कुणी चिट्झेनाला जातं, कारण तिथे दोनच सेक्टर आहेत आणि लढाई हलकी आहे. कुणी कँब्रियाला जातं, कारण ते मध्यावर आहे आणि दवाखाना आहे. मी चिट्झेनाच्या बाजूचा आहे : ए२ आणि बी२ चाळीस माणसांत भरतात, आणि दोन खाणी चालू झाल्या की कँब्रियाच्या पाच सेक्टरांचा खर्च झेपतो. आल्मा त्यानंतर. तिथे सैन्याचा तळ आहे, हिरवे घेऊन जायची जागा नाही ती.

गाव हातचं गेलं. जुन्या सेव्हवर जाऊ का?

नका जाऊ. लगेच परत घ्यायलाही धावू नका. शत्रूचा हल्ला संपला की तो तिथे थोडीच फौज ठेवून पुढे निघतो का, ते बघा. स्काउटिंग येणारा मर्क शेजारच्या सेक्टरमध्ये ठेवलात तर आतली संख्या कळते. रात्री शिरून परत घ्या, आणि या वेळी मिलिशिया जिथून वाट फुटली तिथे जास्त लावा. लॉयल्टी घटलेली असेल, पण पुन्हा वाढते.

लाईट जाते. मधल्या लढाईत डेस्कटॉप बंद पडला तर?

लढाई सुरू व्हायच्या आधी, नकाशाच्या पडद्यावर असताना सेव्ह करा, आणि एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहू नका. तीन-चार जागा आळीपाळीनं वापरा. लिहिता लिहिता लाईट गेली तर तेवढी एक फाइल बिघडते, बाकीच्या वाचतात. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा शक्य असेल तर लॅपटॉपवरच खेळा. या खेळाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, जुना लॅपटॉप पुरतो.

खेळ अर्धा झाल्यावर मॉडची नवी आवृत्ती घालू का? सेटिंग बदलू का?

नवी आवृत्ती मध्येच घालू नका. जुने सेव्ह उघडत नाहीत, किंवा उघडतात आणि पुढे कुठेतरी अडकतात. चालू मोहीम संपवा, मग नव्या फोल्डरात नवी आवृत्ती घाला.

सेटिंगमधलं थोडंफार बदलता येतं : ट्रेनिंगचा खर्च, हुकूम देण्याची सोय, कुमक. स्वयंसेवकांचा साठा किंवा सेक्टरमधलं सामान वापरणं अशा मोठ्या गोष्टी मात्र मोहिमेच्या सुरुवातीलाच ठरवा. बदलण्याआधी आयएनआय फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा. आणि सगळं हातानं लिहीत बसू नका, मॉडसोबत आयएनआय एडिटर येतो, त्यात प्रत्येक सेटिंगखाली त्याचा अर्थ दिलेला आहे. इंग्रजी जड वाटलं तर मिलिशियाचा भाग तेवढा आधी वाचा, बाकीचं लागेल तसं.